पहिली फिल्म, बजेट ३४ लाख, हातात साडेअकरा. उरलेले कसे उभे करू?

घाटमाथा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

मी धनकवडीला राहते, एडिटिंग करते, म्हणजे कंपन्यांच्या फिल्म्स, लग्नं, जे येईल ते. कॉलेजात असताना पुरुषोत्तम (एकांकिका स्पर्धा) केलं, मग दोन शॉर्टफिल्म झाल्या. आता तीन वर्षं लिहीत होते ती फीचर लिहून पूर्ण झालीये, ९५ पानं, ७८ सीन. मुळशी धरणाच्या पलीकडच्या एका वाडीतली गोष्ट आहे, अकरा वर्षांची मुलगी, तिची आजी आणि घरातली म्हैस. माझ्या आजोळची आहे म्हणा ना. ही मला करायचीच आहे आणि नीट करायची आहे.

बजेट मी स्वतः बसून काढलंय. २२ दिवस शूट. कॅमेरा, लेन्स, लाइट्स मिळून ६.६ लाख, साउंड १.८, कलाकार ४.५, क्रू २४ जणांचा तो ९ लाख, प्रवास राहणं जेवण ५.५, आर्ट आणि कपडे २.२, पोस्ट म्हणजे शूटनंतरचं काम ३ (एडिट मीच करणार), इतर १.४. टोटल ३४ लाख.

हातात माझे साडेसहा, ताईचे दोन आणि एका मित्राचे तीन, म्हणजे साडेअकरा. उरले साडेबावीस, आणि त्यासाठी चार रस्ते डोक्यात आहेत. पहिला, व्हॉट्सअ‍ॅपवर ४५० लोकांकडून पाच पाच हजार घ्यायचे आणि नफ्यात वाटा द्यायचा. दुसरा, बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले, ते म्हणतायत माझे दहा लाख घे, तसेच पडून आहेत. तिसरा, पिरंगुटचे एक बिल्डर वीस लाख द्यायला तयार आहेत पण त्यांना ७० टक्के हक्क हवेत आणि पुतण्याला रोल. चौथा, कर्ज काढून शूट करून टाकायचं आणि सरकारी अनुदान आलं की फेडायचं.

पाऊस हवाय म्हणून जुलैमध्ये शूट करायचं मनात आहे. कोणी हे केलंय का? कुठला रस्ता धरू?

कॉलशीट:

घाटमाथा, मी लाइन प्रोडक्शन करते, म्हणजे शूटची रोजची व्यवस्था आणि खर्च बघते, कोथरूडला असते, बारा वर्षं झाली. तू पैसे कुठून आणायचे ते विचारतेयस, पण आधी तुझे ३४ खरे ३४ आहेत का ते बघू, कारण मला ते तसे दिसत नाहीयेत.

जेवणापासून सुरू करते, सगळे तिथेच चुकतात. क्रू २४, कलाकार सात-आठ, ड्रायव्हर, गावातले मदतीला घेतलेले असे धरून सेटवर ४० माणसं होतातच. चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, संध्याकाळचं खाणं, अगदी गावातल्या बायकांकडून करून घेतलंस तरी माणशी साडेचारशे धर. दिवसाला १८ हजार, २२ दिवसांचे ३ लाख ९६ हजार. हे नुसतं जेवण झालं आणि तू प्रवास, राहणं, जेवण सगळं मिळून ५.५ धरलंयस. माणसांच्या गाड्या, सामानाचा टेम्पो, जनरेटर, डिझेल मिळून दिवसाला २२ हजाराच्या खाली मी कधी बसवू शकले नाही, त्याचे ४ लाख ८४. तीस जण मुक्कामी, माणशी पाचशेच धरले तरी ३ लाख ३०. म्हणजे हा एकच आकडा १२ लाखांच्या वर गेला. आणि जनरेटर चालू असताना सिंक साउंड (शूट करतानाच आवाज रेकॉर्ड करणं) करायचा तर तो लांब उभा करायला लागतो, केबल वाढते, माणूस वाढतो, हे वाडीत जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही, तेव्हा रेकीला, म्हणजे आधी जागा बघायला जाशील तेव्हा, साउंडवाल्याला घेऊन जा, कॅमेरावाला तर येतोच.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, ती मुलगी. अकरा वर्षांची आहे म्हणजे २०१७ चे बालकामगार नियम लागतात. जिल्हाधिकाऱ्यांकडून आधी परवानगी काढायची, दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, शाळा बुडता कामा नये, आणि तिच्या मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावाने एफडी करायचे. हे कागदापुरतं पाळायचं नाही, मनापासून पाळायचं. लहान पोरांना रात्री अकरापर्यंत जागं ठेवून शूट केलेलं मी माझ्या सुरवातीच्या काळात बघितलंय आणि तेव्हा मी गप्प बसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

किती सीनमध्ये आहे ती? तू म्हणतेस त्यावरून निम्म्याच्या वर असणारच. ९५ पानं भागिले २२ म्हणजे दिवसाला सव्वाचार पानं. पाच तासात, त्यातही कपडे-केस, जेवण, उन्हापावसाचं थांबणं धरून, मुलीचे सीन दिवसाला पावणेतीन पानांच्या वर होणार नाहीत, आणि सोबत म्हैस असेल तर तेवढेही नाही. तुझे बावीस दिवस तिथेच मोडले.

म्हशीचंही सांगते. शूटच्या आधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, जनावराच्या डॉक्टरचा फिटनेसचा दाखला लागतो, आणि नंतर त्यांची एनओसी असल्याशिवाय सेन्सॉर पुढे सरकत नाही. खूप जण शूट करून मोकळे होतात आणि मग सहा सहा महिने याच कागदासाठी अडकतात.

आणि जुलै नको. ताम्हिणीचा पाऊस म्हणजे कॅमेरा बाहेर काढता येत नाही असा पाऊस. सप्टेंबरच्या शेवटी जा, हिरवं असतं, ओढे वाहत असतात, अधूनमधून सर येते, जिथे फ्रेममध्ये पाऊस हवाच तिथे टँकर लावता येतो.

जमाखर्च:

मी सीए आहे, सदाशिव पेठेत बसतो, फिल्मवाले चार-पाच क्लाएंट आहेत. पैशाच्या वाटांबद्दल लिहितो.

तो ४५० लोकांचा विचार आजच थांबवा, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला असेल तर काढून घ्या. नफ्यात वाटा देतो म्हणून शेकडो लोकांकडून पैसे घेणं याला आपल्याकडे परवानगी नाही. कंपनी काढून शेअर दिले तरी एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना विचारता येत नाही आणि जाहिरात तर करताच येत नाही. नुसतं "नंतर परत देते" म्हणून लोकांकडून गोळा केले तर ती ठेव धरली जाऊ शकते, आणि त्यासाठी २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा आहे, त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. तुमची नियत चांगली आहे हे मला दिसतंय पण कायदा नियत बघत नाही.

लोकांकडून घ्यायचेच असतील तर परतावा कबूल न करता घ्या, म्हणजे नामावलीत नाव, पहिल्या खेळाचं बोलावणं, पोस्टर वगैरे. क्राउडफंडिंगच्या वेबसाइट याच पद्धतीने चालतात. पण तेही स्वतःच्या सेव्हिंग खात्यात घेऊ नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५० हजारांच्या वर गेली की सगळीच्या सगळी तुमचं उत्पन्न धरली जाते, वरचीच नाही.

माझ्या मते एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) करा, दोन भागीदार पुरतात. त्या नावाने करंट अकाउंट काढा, आणि पैसे लावणारे सात-आठच माणसं घ्या, मोठ्या रकमेची, ज्यांना हे पैसे बुडाले तरी घर चालवता येईल अशी. प्रत्येकाशी करार. करारात पैसे परत कुठल्या क्रमाने जाणार ते स्पष्ट लिहा. साधारण पद्धत अशी की जे काही येईल त्यातून आधी सगळ्यांचं मुद्दल, ज्याच्या त्याच्या प्रमाणात, आणि मुद्दल फिटल्यावर उरलेल्याचे निम्मे पैसे लावणाऱ्यांना आणि निम्मे बनवणाऱ्यांना. या हिशेबाने बघा, बिल्डरसाहेब ३४ मधले २० देतायत म्हणजे ५९ टक्के भांडवल. मुद्दल फिटल्यावर त्यांचा वाटा साडेएकोणतीसच्या आसपास यायला हवा आणि ते मागतायत ७०, तेही नफ्याचे नाहीत तर हक्कांचे. हक्क गेले की पुढे रिमेक, डबिंग, ओटीटी कशावरच तुमची सही चालणार नाही. पैसे द्या म्हणावं, हक्क एलएलपीकडेच राहतील.

तुमच्या शीटमध्ये दोन गोष्टी मला दिसल्या नाहीत. कॅमेरा-लाइट्सच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६.६ वर जवळजवळ १ लाख १९ हजार. हा धरलाय का? दुसरं, टीडीएस. कलाकार-तंत्रज्ञांच्या फीमधून साधारण १० टक्के कापून पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरायचा असतो. फी ठरवतानाच "यातून टीडीएस कापणार" असं बोलून घ्या, नाहीतर लोक हातात पूर्ण रक्कम मागतात आणि तो टॅक्स तुमच्या डोक्यावर बसतो.

भोरचा रस्ता:

मी फक्त चौथ्या रस्त्याबद्दल लिहितो कारण त्या रस्त्याने मी गेलोय.

२०१८ ला भोरच्या पुढे आम्ही शूट केलं, २६ दिवस, सगळं छान झालं, शेवटच्या दिवशी गावाने जेवण घातलं. पैसे मात्र अठराव्या दिवशीच संपले होते. मी एका ओळखीच्याकडून पाच लाख महिना दोन टक्क्यांनी घेतले, म्हणजे महिन्याला दहा हजार व्याज, आणि डोक्यात हेच होतं की अनुदान आलं की एका फटक्यात देऊन टाकू. फिल्म एडिट होऊन पडली आणि साउंडला पैसे नाहीत. दीड वर्षं ती दोन हार्डडिस्कमध्ये माझ्या कपाटात होती, त्यातली एक बंद पडली, दुसरी होती म्हणून वाचलो, तेव्हा तिसरी कॉपी करायला आणि ती दुसऱ्याच्या घरी ठेवायला कधीही कंजुषी करू नकोस. २६ महिने व्याज भरलं, दोन लाख साठ हजार, बायकोच्या पगारातून. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

अनुदानाचं नीट समजून घे. राज्य सरकार मराठी फिल्मला दर्जा ठरवून अनुदान देतं, बरीच वर्षं अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख असे आकडे होते, आत्ताचा जीआर काढून वाच. पण ते कधी मिळतं, तर फिल्म पूर्ण झाली, सेन्सॉर झाली, थिएटरला लागली, अर्ज केला, समितीने बघितली, गुण दिले, त्यानंतर. आणि गुण कमी पडले तर शून्य. म्हणजे हे मागून येणारे पैसे आहेत, आले तर पैसे लावणाऱ्यांचं मुद्दल फिटतं, याच्या जिवावर आज कर्ज काढायचं नसतं.

तिकिटाचा हिशेब पण एकदा मांडून बघ. दीडशेचं तिकीट, जीएसटी गेला की राहिले १२७. पहिल्या आठवड्यात त्यातले निम्मे थिएटरचे, पुढच्या आठवड्यांत तर आपला वाटा अजून कमी होत जातो. राहिले साडेत्रेसष्ट. वितरकाचं कमिशन गेलं की ५५-५६ रुपये. ३४ लाख सुटायला साठ हजारांवर माणसं पाहिजेत, आणि यात पोस्टर, ट्रेलर, जाहिरात, प्रत्येक स्क्रीनला आठवड्याला भरायची डिजिटल प्रोजेक्शनची फी यातलं काहीच धरलेलं नाही. आम्हाला अकरा थिएटर मिळाली, बहुतेक सकाळी साडेनऊचे शो, दुसऱ्या शुक्रवारी दोन राहिली.

तरी मी सांगेन फिल्म कर. आमची ज्यांनी बघितली त्यातली एक बाई माझा हात धरून रडली होती, ते मी कशानेही बदलणार नाही. फक्त पोस्टचे पैसे आधी वेगळे काढून ठेव, शूट चालू असताना त्या खात्याला हात लावायचा नाही, कितीही अडलं तरी. आणि पोस्ट तीन लाखात होत नाही ग, एडिट तू केलंस तरी डबिंग, फोली (पावलांचे, भांड्यांचे वगैरे आवाज नंतर भरणं), मिक्सिंग, कलर, संगीत, इंग्रजी सबटायटल्स, डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल कॉपी), सेन्सॉर मिळून सात धर.

जुना प्रभातकर:

माझं वय ७१. फिल्म सोसायटीच्या निमित्ताने लॉ कॉलेज रोडवर आयुष्य गेलं, फिल्म इन्स्टिट्यूट, फिल्म अर्काइव्ह, तिथल्या थिएटरमधल्या खुर्च्या. बाळ, तुला दोन जुन्या गोष्टी सांगतो, तुझ्या कामाच्या आहेत.

दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ‘राजा हरिश्चंद्र’ करायच्या आधी त्यांनी काय केलं ते कोणी सांगत नाही. कुंडीत वाटाणा लावला आणि तो उगवताना रोज थोडा थोडा चित्रित करून मिनिटभराची फिल्म केली. ती दाखवल्यावर पैसे लावणाऱ्याला विश्वास बसला की या माणसाला हे येतं. तूही तेच कर. दोन दिवस जा, मुलगी, आजी आणि म्हैस यांचा एकच सीन पूर्ण मनासारखा कर, चार-पाच मिनिटांचा. ९५ पानं कोणी वाचत नाही, पाच मिनिटं सगळे बघतात.

दुसरी, ‘मंथन’. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये देऊन ती फिल्म उभी केली, दहा लाख. लोकवर्गणीचं नाव निघालं की हीच गोष्ट सांगतात. पण ते शेतकरी दूध संघाने आधीच बांधलेले होते, रोज सकाळी संघाला दूध घालत होते, आणि गोष्ट त्यांचीच होती, म्हणून ट्रक भरभरून बघायलाही आले. तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ४५० जणांना एकमेकांशी बांधणारं काय आहे? मुळशीच्या धरणग्रस्तांची पुढची पिढी पुण्यात आहे, मुंबईत आहे, त्यांची मंडळं आहेत, त्यांच्याकडे जाऊन गोष्ट सांग. पैसे मागू नकोस, गोष्ट सांग. जुने फोटो, आठवणी, भांडीकुंडी, राहायला घर, यातलं बरंच तुला तिथून मिळेल आणि तुझ्या आर्टच्या खर्चातून ते थेट वजा होईल.

गोव्याला नोव्हेंबरात इफ्फीसोबत (सरकारचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार भरतो, २००७ पासून, आता त्याला ‘वेव्हज फिल्म बाजार’ म्हणतात. तिथे लिहिलेल्या प्रोजेक्टसाठी को-प्रोडक्शन मार्केट आहे आणि कच्ची एडिट झालेल्या फिल्मसाठी वेगळी लॅब आहे. ‘कोर्ट’ ही मराठी फिल्म २०१४ ला व्हेनिसला गाजली, तिला शूटच्या आधी रॉटरडॅमच्या हुबर्ट बाल्स फंडाची मदत मिळालेली होती. अर्ज करायला पैसे कमी लागतात, वेळ लागतो. तो वेळ दे.

वडिलांच्या पैशांबद्दल विचारलंस म्हणून बोलतो. रिटायर झालेल्या माणसाला पुन्हा कमावता येत नाही. तो आपणहून देतोय म्हणूनच ते नाही म्हणायचं काम तुझं आहे.

घाटमाथा:

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिलं नाही कारण दहा दिवस स्क्रिप्ट घेऊनच बसले होते.

कॉलशीट ताई, मुलगी ७८ पैकी ६१ सीनमध्ये होती. मोजलं तेव्हा पोटात गोळा आला. आता ४४ वर आणलीये, आणि खरं सांगू का, गोष्ट सुधारली, आजी एकटी घरात असते ते सीन आधी नव्हतेच, ते आता आले आणि तेच मला सगळ्यात आवडायला लागलेत. रात्रीचे १४ सीन होते ते ५ केले. लोकेशन्स अकराची चार, चारही चालत जाता येतील अशी. क्रू १६. मामाच्या घरी आणि शेजारच्या दोन घरांत मुक्काम होईल. सगळं धरून, जीएसटीसकट, शूट २१ लाख, पोस्ट ७ आणि अचानक येणाऱ्या खर्चासाठी ३, म्हणजे ३१. पोस्टचं खातं वेगळं काढणार आणि त्यावर ताईची पण सही ठेवणार, म्हणजे मला एकटीला काढताच येणार नाहीत.

जमाखर्च सर, मेसेज टाकला नव्हता, वाचले. एलएलपी ताईबरोबर करतेय. बिल्डरना तुमचा हिशेब दाखवला, हक्क एलएलपीकडे, मुद्दल आधी, पुतण्याची ऑडिशन बाकीच्यांसारखीच. ते "बघू" म्हणालेत. नाही म्हणाले तरी चालेल असं आता वाटतंय.

भोरचा रस्ता दादा, तुमचं लिहिलेलं मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. कर्ज काढणार नाही.

बाबांशी बोलणं अवघड गेलं. त्यांना वाटलं मला त्यांचे पैसे नकोत. शेवटी दोन लाखांवर मिटलं, आणि ते एसटीच्या डेपोत आयुष्यभर हिशेब बघायचे, तर सेटवरचा रोजचा कॅशचा हिशेब तेच ठेवणार आहेत. वही आणून रकाने पण आखून झालेत.

काका, दोन दिवसांचा सीन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करतेय, १ लाख ४० हजारात बसवलाय, परवानग्या दोन्ही काढूनच. मेन शूट पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरला. उरलेले साडेसतरा त्या पाच मिनिटांच्या जोरावर मागेन. मुळशीकरांच्या एका मंडळात या रविवारी बोलावलंय.

एक शंका राहिली. १६ जणांच्या क्रूमध्ये साउंडला एकच माणूस धरलाय, बूमसाठी (काठीवरचा माइक धरायला) वेगळा नाही. चालेल का?

कॉलशीट:

नाही चालणार. आजी हळू बोलणार, मुलगी पळत असणार, बाहेर ओढा. बूमला वेगळा माणूस हवाच. लाइट्सचा एक कमी कर, दिवसाचेच सीन जास्त आहेत आता तुझे.

शनिवारी संध्याकाळी सातनंतर मी मोकळी आहे, नळ स्टॉपला भेटू. पैशांची शीट आणू नकोस, सीनप्रमाणे ब्रेकडाउन आण, कुठल्या सीनला कोण, काय, किती वाजता. त्यावरून आकडे परत काढू. बाबांना पण घेऊन ये, वहीचे रकाने मला बघायचेत, सेटवर डिझेल आणि स्पॉटदादांचा खर्च वेगळा लिहायला लागतो तो त्यांना समजावून देते.